स्पर्धेतला दुसरा

(देवस्थानच्या उत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या दिवसांत व्याख्यान ऐकावयास बसणे हाही एक प्रकारचा त्यागच म्हणावयास हवा. बाहेर फेरी भरली आहे, ताज्या खाज्यांचा वास सभामंडपापर्यंत येतो आहे, आणि रंगमंचावर रात्रीच्या नाटकाचे पडदे बांधण्याचे काम चालले आहे. इतक्या सर्व गोष्टी बाजूस सारून आपण येथे बसला आहात. समितीने मला 'स्पर्धा आणि आपले रोजचे जीवन' हा विषय दिला. परंतु या क्षणी माझ्या शब्दांची त्या खाज्यांशी जी स्पर्धा चालू आहे, तिच्यात माझा टिकाव कितपत लागेल याविषयी मी साशंक आहे. असो.

विषय हाती घेण्यापूर्वी शब्दाकडे पाहण्याची मला सवय आहे. कारकुनी करताना एका शब्दाच्या चुकीने अख्खी फाईल परत आलेली मी पाहिली आहे. संस्कृत धातुपाठात 'स्पर्ध्' हा धातू संघर्ष या अर्थी सांगितला आहे, आणि संघर्ष म्हणजे मुळात घासणे. अरणीवर अरणी घासली की यज्ञाचा अग्नी निघतो. रानात फांदीवर फांदी घासली की वणवा पेटतो, अशी आपल्या पूर्वजांची समजूत. मराठीने या एका शब्दाभोवती केवढे गोत जमविले आहे पहा. चढाओढ, चुरस, ईर्षा आणि त्या सर्वांवर ताण म्हणजे 'अहमहमिका'. 'मी, मी' असे दोनदा म्हटले की हा शब्द तयार होतो. पोर्तुगीज अमदानीतल्या दप्तरांत नोकरीसाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेला 'कोंकुर्सु' म्हणत. तो शब्द लॅटिनमधून आला असून त्याच्या मुळाशी 'एकत्र धावणे' ही कल्पना आहे. धावणारे एकत्र असतात, एका दिशेने जातात, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो.

मला मात्र सर्वांत अधिक विचार करावयास लावले ते त्याच भाषेतील दुसऱ्या एका शब्दाने. प्रतिस्पर्ध्याला पोर्तुगीजमध्ये 'रिव्हाल' म्हणतात. याचाही उगम लॅटिन आहे. ओहोळ किंवा पाट या अर्थाच्या शब्दावरून तो निघाला, आणि त्याचा मूळ अर्थ 'एकाच पाटाचे पाणी वापरणारा शेजारी' असा होता. ज्यांची कुळागरे आहेत त्यांना हे अधिक फोड करून सांगावयास नको. पाट वरून येतो, प्रथम एकाच्या माडा-पोफळींना पाणी पाजतो आणि मग दुसऱ्याच्या. पाळी कोणाची, बांध कोणी फोडला, रात्री कोणी पाणी वळविले, यावरून जी भांडणे होतात ती परक्या गावच्या माणसाशी कधीच होत नाहीत. ज्याच्याशी आपले पाणी सामायिक आहे त्याच्याशीच आपली स्पर्धा असते. भाऊ, चुलतभाऊ, शेजारी, कचेरीतील सहकारी, बरोबरीचे महाजन. टाटा-बिर्लांच्या संपत्तीने आमची झोप उडत नाही. शेजारच्या घरावर नवी कौले चढली की उडते.

आता मी माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण दुसऱ्याच्या चुकांची उदाहरणे देण्यापेक्षा हे बरे.

गोष्ट १९९४ सालची. आमच्या देवस्थानात पालखी आत गेल्यानंतर आरती झाली आणि प्रथेप्रमाणे फळफळावळीची पावणी सुरू झाली. केळ्यांचे घड, अननस, देवीच्या अंगावरची साडी, आणि शेवटी मानाचा नारळ. नारळ बाजारात त्या वेळी चार-पाच रुपयांना मिळत असे. माझ्या मनात दोनशे एक रुपयांपर्यंत बोली देण्याचा विचार होता. तेवढे घरून ठरवूनच निघालो होतो. दोनशे एकावर मी थांबणार, इतक्यात खांबापलीकडून 'दोनशे एक्कावन्न' असा आवाज आला. तो आवाज माझ्या चुलतबंधूंचा होता. आमच्या दोन घरांत वाटणीवरून काही वर्षे अबोला होता. मी 'तीनशे एक' म्हणालो. त्यापुढे काय झाले ते मला आजही नीटसे सांगता येत नाही. लोक हसत होते, मुले पुढे सरसावून पाहत होती, पावणी करणारे गृहस्थ कधी माझ्याकडे तर कधी त्यांच्याकडे बोट करीत होते. 'अठराशे एक' हा त्यांचा आकडा झाला आणि मी 'अठराशे एक्कावन्न' म्हणालो. एकदा, दोनदा, आणि नारळ माझ्या हातात आला.

ही रक्कम माझ्या पगाराचा फार मोठा हिस्सा होती. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रियेसाठी आम्ही थोडे थोडे बाजूस ठेवीत होतो. त्या रकमेला खिंडार पडले. शस्त्रक्रिया उन्हाळ्यात व्हावयाची ती पावसाळ्यानंतर झाली. मधले सहा महिने आई तिन्हीसांजेला तुळशीपुढची दिवली हाताने चाचपून लावीत असे. ती काही बोलली नाही. नारळ घेऊन घरी आलो त्या रात्री तिने एवढेच विचारले, "समोर कोण होते?" मी नाव सांगितले. ती म्हणाली, "मग उद्या हा नारळ वाढव आणि अर्धा त्यांच्या घरी नेऊन दे. निम्मे पैसे त्यांच्यामुळेच गेले ना?"

तिच्या त्या प्रश्नात विनोद होता की बोल होता, हे मला कळले नाही. तिचा हिशेब मात्र थोडासाच चुकला होता. माझ्या दृष्टीने नारळाची किंमत होती दोनशे एक. मी भरले अठराशे एक्कावन्न. मधले सोळाशे पन्नास रुपये, म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक, माझ्या चुलतबंधूंनी ठरविले. जिंकणारा जी किंमत मोजतो ती त्याची स्वतःची नसते. त्याच्या मागोमाग जो दुसरा येतो, तो ती ठरवितो.

ही गोष्ट आमच्या आईला त्या रात्री सुचली. अर्थशास्त्रात तिच्यावर ग्रंथ झाले आहेत, हे मला फार उशिरा समजले. विल्यम विक्री नावाचे, कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत अध्यापन केलेले एक पंडित होते. लिलावाची बोली कशी लावली जाते याचा अभ्यास करून त्यांनी १९६१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एका पद्धतीचा विचार मांडला तो असा : सर्वांनी आपला आकडा बंद पाकिटात घालून द्यावा, ज्याचा आकडा सर्वांत मोठा त्याला वस्तू मिळावी, परंतु त्याने पैसे भरावयाचे ते दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याइतके. ऐकताना हे विपरीत वाटते. पण समजा, वस्तूची माझ्या लेखी किंमत पाचशे रुपये आहे. मी पाचशे लिहिले आणि दुसऱ्याने तीनशे, तर वस्तू मला तीनशेत मिळाली. मी ईर्षेने हजार लिहिले आणि दुसऱ्याने आठशे लिहिले, तर वस्तू मिळाली खरी, पण तीनशे रुपयांचा फटका बसला. उलट कृपणपणाने शंभरच लिहिले, तर परवडणारी वस्तू हातची गेली. म्हणजे मनातला खरा आकडा लिहिणे हेच सर्वांत हिताचे. विक्रींना १९९६ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी ते वारले. आपली पावणी उघड चालते, पाकिटे नसतात. तरीही हिशेब फारसा निराळा नाही. दुसरा जेथे थांबतो त्याच्या एकच पायरी वर पहिल्याला थांबावे लागते. फरक इतकाच की उघड बोलीत मनातला खरा आकडा कानांवर पडणाऱ्या आवाजाने पुसला जातो. माझा पुसला गेला.

पण स्पर्धेत आणखी एक दुसरा असतो, आणि तो सभामंडपात दिसत नाही. त्या नारळाशी खरी चढाओढ करीत होती ती आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया. तिच्या बाजूने बोली देणारे तेथे कोणी नव्हते. एकाच पाकिटातल्या पैशांवर दोघांचा हक्क होता, एक मोठ्याने बोलत होता आणि एक गप्प होता. अर्थशास्त्रज्ञ याला असे म्हणतात की एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी जी दुसरी सर्वांत चांगली गोष्ट सोडावी लागली ती. रुपये हे त्या किमतीचे नुसते नाव. पैशांचेच कशाला, वेळेचेही तसेच आहे. संध्याकाळी सात ते आठ हा एकच तास. त्या तासासाठी दूरदर्शनच्या मालिका, नातवाचे पाढे, समईपुढचे भजन आणि हल्ली हातातला मोबाईल, इतके बोली देणारे उभे असतात. सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याला तास मिळतो. पाढ्यांचा आवाज मुळातच बारीक.

कचेरीत मी पुष्कळ वर्षे निविदांच्या टेबलावर काम केले. तेथे पावणीच्या उलट प्रकार. ज्याचा आकडा सर्वांत लहान त्याला काम. निविदा उघडण्याच्या दिवशी सर्वांचे डोळे पहिल्या आकड्यावर असत. जुने हेडक्लार्क मात्र आम्हांला पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांमधले अंतर पाहावयास शिकवीत. अंतर अल्प असेल तर दोघांनीही कामाचा अंदाज नीट केला आहे असे समजावे. पहिला फारच खाली गेला असेल तर एक तर त्याला काम समजलेले नाही, किंवा ते पुरे करण्याचा त्याचा विचार नाही. एकदा अंदाजपत्रकाच्या दोन-तृतीयांश रकमेत एकाने काम घेतले. नियमाप्रमाणे ते त्यालाच द्यावे लागले. पहिल्या पावसातच अर्धवट टाकून तो निघून गेला आणि उरलेले काम पुरे करावयास दुसऱ्या आकड्याहूनही अधिक खर्च आला. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अमेरिकन अभियंत्यांनी १९७१ साली समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावांवर लिहिताना हेच दाखवून दिले. तेल किती आहे याचा नेमका अंदाज कोणालाच नसतो. ज्याचा अंदाज सर्वांत अधिक फुगलेला, लिलाव तोच जिंकतो आणि मग पस्तावतो. यालाच पुढे 'विजेत्याचा शाप' असे नाव पडले.

आता एका वेगळ्या पावणीकडे वळतो. आपल्याकडे गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादीच्या शेतांचाही लिलाव होत असे. साधारणतः दर तीन वर्षांनी शेत पुकारले जाई आणि सर्वांत अधिक खंड देऊ करणाऱ्याला ते कसावयास मिळे. देवळातली पावणी आणि ही पावणी वरवर पाहता एकच. तेच पुकारणे, तेच वाढत जाणारे आकडे. पण देवळातल्या पावणीत जो हरतो तो घरी जाऊन जेवतो, आणि त्याचे पैसे त्याच्या खिशात सुखरूप असतात. शेताच्या पावणीत जो हरला त्याच्या घरी पुढच्या वर्षीचे भात नाही. म्हणून हरावयाचे नाही या धास्तीने तो पिकाला न परवडणारा खंड कबूल करी. त्याला चढविणाराही त्याच्यासारखाच भुकेला असे. गावकरीचे उत्पन्न वाढे, कागदावर सर्व यथास्थित दिसे. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण मिळाले आणि हा प्रकार मागे पडला. त्या कायद्याविषयी या सभेत निरनिराळी मते असतील, ज्यांची जमीन गेली त्यांची एक आणि ज्यांना मिळाली त्यांची दुसरी. त्या वादात मी शिरत नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की कोणतीही स्पर्धा चांगली की वाईट हे पाहताना जिंकणाऱ्याच्या गळ्यातल्या हाराकडे पाहून काही समजत नाही. हरलेला दुसरा घरी काय घेऊन जातो ते पाहावे लागते.

स्पर्धा मुळातच वाईट, असे कृपा करून कोणी समजू नये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांच्या राशी घेऊन बायका एका रांगेत बसतात. मयड्याची केळी घेऊन बसणारे असेच शेजारी शेजारी. आपण एक फेरी मारून येतो, दुसऱ्या फेरीत घेतो. पहिलीने भाव चढवून सांगितला तर दुसरी हाक मारते. गिऱ्हाइकाला त्या हाकेचाच आधार. गावातले जे दुकान एकटेच असते तेथे वजनही आपले नसते आणि बोलही ऐकून घ्यावे लागतात, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. शिवाय त्या बाजारातल्या बायकांचे एक मी पाहिले आहे. दिवसभर एकमेकींचे गिऱ्हाईक ओढतात. पण एकीला उठून कोठे जावे लागले तर तिच्या राशीवर लक्ष दुसरीच ठेवते आणि तिच्या भावाने विकून पैसे तिच्या टोपलीत टाकते. एका पाटाचे पाणी वापरणे म्हणतात ते हे.

मुलांच्या बाबतीत मात्र आपण हे भान पार हरवून बसलो आहो. निकाल लागला की पहिला प्रश्न 'किती मिळाले?' आणि लगेच दुसरा 'त्याला किती?' मुलाला नव्वद मिळाले याचा आनंद शेजारच्याला ब्याण्णव मिळाले हे कळेपर्यंत टिकतो. येथेही आपल्या आनंदाची किंमत दुसराच ठरवितो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२३ साली दहावी-बारावीचे निकाल लावताना विद्यार्थ्यांत विकृत चढाओढ होऊ नये असे कारण देऊन गुणवत्ता यादी जाहीर केली नाही आणि श्रेणीही दिल्या नाहीत. मंडळाने यादी काढली नाही म्हणून घरोघरच्या याद्या काही थांबलेल्या नाहीत. लग्नकार्यांविषयी तर मी बोलतच नाही. मुलीच्या लग्नात जेवणाचे पदार्थ किती असावेत हे मुलीचा बाप ठरवितो असा केवळ समज आहे. ते गेल्या वैशाखात शेजारी झालेल्या लग्नाने आधीच ठरविलेले असते.

छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात इंद्रियांच्या भांडणाची कथा आहे, ती आपणांपैकी पुष्कळांनी कीर्तनांतून ऐकली असेल. वाणी, डोळे, कान, मन आणि प्राण यांच्यात 'मी श्रेष्ठ, मी श्रेष्ठ' असा वाद लागला. ते प्रजापतीकडे गेले. प्रजापतीने कसोटी सांगितली : तुमच्यापैकी जो निघून गेल्यावर शरीराची दशा सर्वांत वाईट होईल तो श्रेष्ठ. मग वाणी वर्षभर बाहेर राहिली. परत येऊन पाहते तो बाकीचे मुक्या माणसासारखे का होईना, जगत होते. डोळे गेले, कान गेले, मन गेले, शरीर जगलेच. शेवटी प्राण निघू लागला तेव्हा उमदा घोडा जसा पायांच्या मेखा उपटून काढतो तशी बाकीची इंद्रिये मुळांपासून उखडू लागली, आणि सर्वांनी त्याला राहण्याची विनवणी केली.

या कथेचा अर्थ सांगताना बहुतेक वेळा प्राणाची थोरवी सांगितली जाते. माझे लक्ष हरलेल्यांकडे जाते. भांडण हरल्यावर वाणी मुकी झाली नाही, डोळे फुटले नाहीत. प्रत्येकाने 'माझ्यात जे काही विशेष आहे ते तुझेच' असे प्राणाला सांगितले आणि आपापल्या जागी परत कामाला लागले. कसोटी आधीच ठरली होती, ती सर्वांना मान्य होती, आणि जिंकणारा निघून गेला असता तर हरणारेही उरले नसते. आपल्या देवस्थानच्या समितीची निवडणूक झाली की काही घरे पुढची तीन वर्षे उत्सवाला पाठ फिरवितात; पालखीला खांदा देणारे कमी पडतात, आणि मग मजुरीची माणसे आणावी लागतात. हे बोलणे कोणाला लागले असेल तर क्षमा असावी. ज्या वर्षी मी पडलो होतो त्या वर्षी मीही आलो नव्हतो.

आईच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी अर्धा नारळ घेऊन मी चुलतबंधूंकडे गेलो होतो. दार वहिनींनी उघडले. त्यांनी नारळ घेतला, गुळाचा खडा आणि पाणी पुढे ठेवले. बंधू आतून बाहेर आले आणि बराच वेळ आम्ही पावसाविषयी बोललो, त्या वेळी पावसाला तीन महिने अवकाश होता तरी. वाटणीचा प्रश्न त्यानंतरही सुटला नाही. पण आईच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयात माझ्या शेजारच्या बाकावर तेच बसले होते, आणि किती खर्च आला हे त्यांनी विचारले तेव्हा मला उत्तर देववले नाही.

आज रात्री पालखीनंतर पावणी आहे. तिच्यातून येणाऱ्या पैशांवर अन्नसंतर्पणाचा बराचसा भार असतो, तेव्हा माझे हे व्याख्यान ऐकून कोणी बोली देणे बंद केले तर खजिनदार मला पुढल्या वर्षी देवळाची पायरी चढू देणार नाहीत. आपण अवश्य यावे. मीही खांबाजवळ उभा असेन. किती आकड्यावर थांबावयाचे ते घरी विचारून आलो आहे. तो आकडा येथे सांगण्याची मात्र मला परवानगी नाही.